गियरसाठी सॅक: चेनवाली की वरून उघडणारी?

फ्रेंड (कातळाच्या भेगेत बसवायचं, स्प्रिंगवर उघडणाऱ्या पाकळ्यांचं साधन), चॉक (भेगेत अडकवायचे धातूचे ठोकळे), स्लिंग (शिवलेल्या पट्टीचे फास), रोप म्हणजे दोर असं सगळं स्वतःचं जमवून चढाईला जाणारी मंडळी खान्देशात अजून मोजकीच आहेत, पण वाढताहेत. या साधनांचा संच म्हणजे रॅक, तो जमवताना एकेका फ्रेंडवर महिना-महिना विचार होतो, चार जणांना विचारलं जातं. सॅकची पाळी आली की दुकानात समोर टांगलेली असेल ती उचलली जाते. माझ्याकडे दोन्ही जातींच्या सॅक आहेत आणि दोन्ही मी आपल्याच भागात वापरल्या आहेत: धुळ्याच्या आसपासच्या डाईकवर (जमिनीतून वर आलेल्या कातळाच्या लांब भिंतींवर), पाटणादेवीच्या बाजूला, सातपुड्यात आणि मनमाडकडे हडबीची शेंडी या सुळक्याच्या पायथ्याशी. पुढचं सगळं त्या अनुभवावरून लिहितो आहे. पुण्या-मुंबईकडच्या दमट डोंगरांत फिरणाऱ्यांचं मत कदाचित वेगळं पडेल.

घरात असलेली 60 लिटरची ट्रेकिंग सॅक हा तिसरा पर्याय बरेच जण सुचवतात. ओझं उचलायला ती चांगलीच असते. पण तिचं कापड कपडे आणि स्लीपिंग बॅगसाठी असतं. हेक्स (षटकोनी मोठे चॉक) आणि कॅराबिनर (साधनं अडकवायच्या धातूच्या कड्या) यांचे कोपरे तळाला आतून घासत राहतात आणि एक-दोन हंगामांत तिथे भोक दिसायला लागतं. तात्पुरती चालवून घ्या, मुद्दाम विकत घेऊ नका.

ओझं किती असतं ते एकदा डोळ्यांपुढे आणू. 9.8 मिलिमीटरचा 60 मीटर रोप पावणेचार किलोच्या थोडा वर जातो. लहान ते मुठीएवढ्या भेगेपर्यंत चालणाऱ्या फ्रेंडचा एक संच 800 ग्रॅमच्या आसपास असतो आणि मधली मापं दुहेरी ठेवली की हे वजन वाढतं. त्यात चॉक, क्विकड्रॉ (दोन कॅराबिनर जोडलेल्या आखूड पट्ट्या), लांब स्लिंग, हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचा पट्टा), हेल्मेट, बूट. मग पाणी. आपल्याकडे माणशी चार लिटर धरावंच लागतं, कारण पायथ्याला झरा सापडेल याची दिवाळीनंतर खात्री नसते. भाकरी, ठेचा आणि कांदा धरून ओझं 14-15 किलोंवर जातं. हे वजन सुटंसुटं, दाट आणि टोकदार असतं. सॅकची परीक्षा इथेच होते.

आता चेनवाली. पाठीच्या किंवा पुढच्या बाजूने गोल चेन फिरते, सॅक सुटकेससारखी पूर्ण उघडते. आत फ्रेंड अडकवायला पट्ट्या, चॉकसाठी खण, बुटांसाठी वेगळा कप्पा. पायथ्याला पोहोचल्यावर चेन ओढली की सगळा रॅक मापांप्रमाणे समोर. लीड करणाऱ्याला, म्हणजे सगळ्यांत पुढे चढणाऱ्याला, यासारखं सुख नाही. एखादं माप मागे राहिलं असेल तर घरीच कळतं, कारण त्याची जागा रिकामी दिसते. पाठही आरामाची असते, जाड फोम आणि वर हवा खेळावी म्हणून जाळी. कमरेचा पट्टा रुंद, मापात बसणारा. 15 किलो घेऊन तासभर चालल्यावर खांदे दुखत नाहीत, हे मी मनापासून सांगतो. शिवण, कापड, बकल यांतही माझ्या सॅकमध्ये खोट काढण्यासारखं काही नाही.

वरून उघडणारी म्हणजे जाड, गुळगुळीत, ताडपत्रीच्या जातीच्या कापडाची. मोठ्या भिंतींवर सामान ओढून घ्यायला हॉल बॅग वापरतात, तिची ही धाकटी बहीण. तोंड रुंद, आवळायला नाडी, वर झाकण किंवा एक पट्टा, आत एखादाच खिसा. पाठ सपाट, फोम पातळ, बाहेरून तेच गुळगुळीत कापड. कमरेचा पट्टा नावापुरता. दिसायला अगदीच साधी आणि पहिल्यांदा पाठीवर घेतली की चेनवालीची आठवण येते. पाठीला घाम जास्त येतो. सामान नीट भरलं नाही तर हेक्सचा कोपरा मणक्यात टोचतो. तळातली वस्तू हवी असेल तर वरचं बाहेर काढावं लागतं.

इथपर्यंत वाचणाऱ्याला वाटेल की चेनवाली जिंकली. मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं. निकाल लावला तो कुसळांनी.

आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 45 च्याही वर जातो, तेव्हा दुपारच्या कातळाला हात लावता येत नाही. पावसाळ्यात कातळ ओला आणि शेवाळलेला. चढाईला उरतात नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नेमकं याच महिन्यांत सातपुड्याच्या पायथ्यापासून अजिंठा-सातमाळ्याच्या उतारांपर्यंत कुसळी गवत पिकून कमरेएवढं उभं असतं. पायवाट सोडून कड्याच्या पायथ्याला जायचं म्हणजे या गवतातूनच जायचं. पायमोजे आणि पँट भरणारच, त्याचं काही नाही, घरी बसून वेचता येतात. सॅकच्या जाळीचं मात्र तसं होत नाही.

कुसळाची रचना समजून घेतली की कारण कळतं. पुढे सुईसारखं टोक, त्याच्यावर मागे वळलेले बारीक केस, आणि मागे लांब शेपटी. ही शेपटी सुकली की पीळ घेते आणि ओली झाली की पीळ सोडते. दोन्ही वेळा बी स्वतःभोवती फिरतं आणि टोक पुढे सरकतं. उलटे केस त्याला मागे येऊ देत नाहीत. जमिनीत रुजण्यासाठी गवताने केलेली ही सोय आहे. आता विचार करा: सॅक गवतात टेकवली, जाळीत कुसळं अडकली. सॅक पाठीवर घेतली, घामाने जाळी भिजली. कड्याखाली उतरवली, उन्हात वाळली. परत येताना पुन्हा भिजली. दर फेरीला टोक फोममध्ये आणखी आत. बाहेर राहिलेली शेपटी तोडली तरी टोक आतच राहतं आणि पुढच्या वेळी शर्टातून पाठीला लागतं. चिमट्याने, सुईने, टॉर्चच्या उजेडात संध्याकाळभर बसूनही ती जाळी पूर्ण साफ होत नाही. कमरेच्या पट्ट्यातही तेच, आणि तिथे तर हार्नेसखाली ओरखडे उठतात. जो आराम विकत घेतला, तोच टोचायला लागला.

साक्रीकडचे एक ठेलारी मेंढपाळ कड्याखाली भेटले होते. मी जाळी साफ करत बसलेला पाहून म्हणाले, "भाऊ, कुसय कोनले सोडस?" मेंढ्यांच्या लोकरीतून ती कातडीपर्यंत जातात, जखमा होतात, म्हणून पिकलेल्या कुसळाच्या माळावर ते कळप नेईनासे होतात. चढाईवाल्याला तो माळ टाळता येत नाही, कारण कडा त्याच्याच पलीकडे असतो.

गुळगुळीत कापडाच्या सॅकला कुसळ चिकटत नाही. चिकटलंच तर हाताने झटकलं की खाली पडतं. मला एवढंच पुरलं.

चेनचं दुखणं याच्यापुढे लहान आहे, तरी सांगतो. मुरमाची बारीक धूळ दातांत बसते, चेन अडते, घाईत ओढली की रनर पसरतो. जळगाव-धुळ्यात बॅग दुरुस्त करणाऱ्याकडे रनर बदलून मिळतो, मोठं काम नाही. पण गोल फिरणारी चेन कड्याखाली अर्ध्यावर उसवली तर परतीच्या वाटेवर सॅक बांधायला स्लिंग लागतात. कोरड्या ब्रशने दात साफ ठेवले तर हे टळतं, असं वाटतं. नाडीच्या सॅकला बिघडण्यासारखं जवळपास काही नसतं. कापड फाटलंच तर हायवेवर ट्रकच्या ताडपत्र्या शिवणारे असतात, ते ठिगळ लावून देतात.

आणखी एक फरक पायथ्याला दिसतो. चेनवाली आडवी टाकूनच उघडावी लागते, म्हणजे चेन पुढून असेल तर तिची पाठ गवतात आणि रॅक धुळीच्या पातळीवर. वरून उघडणारी कणगीसारखी उभी राहते. फ्रेंड आणि स्लिंग काढताना, परत टाकताना जमिनीला लागत नाहीत. फ्रेंडच्या पाकळ्यांत आणि स्प्रिंगमध्ये धूळ गेली की ट्रिगर (पाकळ्या आवळायचा खटका) जड होतो, मग कोमट पाण्याने धुवून, वाळवून, कोरडं वंगण लावावं लागतं. साधं तेल लावलं तर धूळ आणखी धरते. मी उभी सॅक वापरायला लागल्यापासून हे धुणं बरंच कमी झालं. मोजून ठेवलेलं नाही, पण माझ्या हाताला फरक कळतो.

चेनवालीच्या बाजूने बोलायचं तर, ज्यांची गाडी कड्यापासून पाच मिनिटांवर थांबते, किंवा जे मुख्यतः बदामी-हंपीकडे जातात, त्यांना माझं कुसळपुराण लागू होईलच असं नाही. पाठीचा जुना त्रास असेल तर रुंद कमरपट्टा आणि जाड फोम सोडू नका, सरळ चेनवाली घ्या. रॅक मोठा असेल आणि दोघांत मिळून एकच सॅक न्यायची असेल तरीही तिचे खण उपयोगी पडतात.

ज्यांना एसटीने किंवा मोटरसायकलने जाऊन पुढे तास-दीड तास गवतातून चालायचं आहे, त्यांनी माझ्या मते वरून उघडणारी बघावी. 40 ते 45 लिटर पुरते. त्याहून मोठी घेतली की आपण भरत जातो. रंग फिकट घ्या, काळं जाड कापड हिवाळ्यातल्या उन्हातही इतकं तापतं की आतलं पाणी कोमट होतं. बाहेर लोंबणारे पट्टे जितके कमी तितकं बरं, बाभूळ आणि बोरीचे काटे त्यांनाच धरतात. बाजूला जाळीचे खिसे असलेली तर मुळीच नको. पाणी आत ठेवा.

भरताना रोप तळाशी गुंडाळून सगळीकडे सारखा पसरला तर तो गादीचं काम करतो आणि धातू कापडाला घासत नाही. त्यावर पाण्याच्या बाटल्या, पाठीला चिकटून. रॅक गियर स्लिंगवर (साधनं टांगायच्या खांद्याच्या पट्ट्यावर) लावूनच वर ठेवायचा, खांद्याच्या पात्यांच्या उंचीला, म्हणजे घसाऱ्यावर तोल मागे जात नाही. पाठ आणि सामान यांच्यामध्ये हार्नेस उघडून सपाट ठेवला की पातळ फोमची उणीव बरीच भरून निघते, हेक्स टोचत नाहीत. हेल्मेट वरती, झाकणाखाली. जीपमध्ये टाकताना बॅटरीजवळ कोणतीच सॅक ठेवू नका. ॲसिडचा नुसता अंश लागला तरी नायलॉन खराब होतं आणि वरून काही दिसत नाही.

ज्यांनी जाळीवाली आधीच घेतली आहे त्यांनी ती विकायची गरज नाही. शिंप्याकडून जाळीवर छत्रीचं किंवा तशाच घट्ट विणीचं गुळगुळीत कापड शिवून घ्या, कमरपट्ट्यालाही. हवा खेळायची थांबते, घाम वाढतो, पण नवं कुसळ आत शिरत नाही. माझ्या चेनवालीला मी तसंच करून घेतलं आहे आणि दोघांची जोडी निघाली की ती अजूनही सोबत असते. कापड मात्र जाळी पूर्ण साफ केल्यावरच शिवायचं, नाहीतर आतली टोकं आतच राहतात.