ऑइल बाथ की मायक्रोवेव्ह रिअ‍ॅक्टर?

प्रयोगशाळेत रासायनिक मिश्रण तापवायला एकतर फ्लास्क गरम तेलात (ऑइल बाथमध्ये) ठेवतात, नाहीतर ते मायक्रोवेव्ह लहरींनी तापवतात. कुणी ‘मायक्रोवेव्हमध्ये रात्रभराची रिअ‍ॅक्शन 10 मिनिटांत झाली’ असं सांगितलं, की मी आधी विचारतो: तापमान किती होतं? बहुतेक वेळा सगळी गंमत त्या उत्तरातच असते.

इथेनॉल घ्या. रिफ्लक्सला लावलं, म्हणजे वाफ थंड होऊन परत फ्लास्कमध्येच पडेल अशा उघड्या मांडणीत तापवलं, की ते 78 अंश सेल्सिअसला उकळतं, आणि बाहेरचं तेल कितीही तापवलं तरी फ्लास्कमधलं मिश्रण तिथेच अडतं. तेच मिश्रण मायक्रोवेव्हच्या बंद वायलमध्ये (छोट्या काचेच्या कुपीत) दोनेक मिनिटांत 160 अंशांवर पोचतं. आतला दाब 12 बारच्या आसपास चढतो आणि झाकण तो पेलतं. तापमान 10 अंशांनी वाढलं की वेग साधारण दुप्पट, असा ढोबळ नियम आहे. तो लावला तर 80 अंशांच्या फरकात वेग आठ वेळा दुप्पट होतो, म्हणजे 256 पट. 8 तासांचं काम कागदावर 2 मिनिटांत आटोपतं. प्रत्यक्षात सगळ्याच रिअ‍ॅक्शन इतक्या गुणी नसतात.

मग श्रेय लहरींचं की बंद वायलचं? 1986 मध्ये दोन गटांनी घरगुती ओव्हन वापरून सेंद्रिय रिअ‍ॅक्शन झटपट करून दाखवल्या, तेव्हापासून हा वाद चालला. 2.45 गिगाहर्ट्झच्या फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या एक लाखाव्या भागाइतकी. रासायनिक बंध तोडायला काही इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. म्हणजे लहर बंधाला हातही लावत नाही, ती फक्त ध्रुवीय रेणू आणि आयन घुसळून तापवते. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या ऑलिव्हर काप्पे यांच्या गटाने 2009 मध्ये सिलिकॉन कार्बाइडच्या वायल वापरल्या. त्या लहरी स्वतःच शोषतात, मिश्रणापर्यंत जवळजवळ पोचू देत नाहीत. तरी तापमान तेच ठेवल्यावर निकाल जवळपास तेच आले. मला हा प्रयोग पुरेसा वाटतो.

म्हणून तुलनेत तिसरा उमेदवार धरायलाच हवा: ऑइल बाथमध्ये ठेवलेली जाड काचेची सील्ड ट्यूब. स्वस्त आहे आणि तापमानही तेच गाठते. पण तापायला आणि निवायला वेळ खाते, आतला दाब किती ते कळत नाही आणि फुटली तर समोर कोणी नसलेलं बरं. मायक्रोवेव्ह यंत्रात दाब दिसतो, मर्यादा ओलांडली की ते बंद पडतं, आणि काम संपताच बाहेरून दाबाखालची हवा सोडून वायल झटकन थंड होते. ज्या रिअ‍ॅक्शनमध्ये जास्त वेळ तापल्यावर माल बिघडतो, तिथे या झटपट थंड होण्याचाच फायदा मोठा.

सॉल्व्हंट मात्र तपासा. लहरी शोषून त्यांची उष्णता करण्याची क्षमता ज्या आकड्याने मोजतात, तो इथिलीन ग्लायकॉलसाठी 1.35, इथेनॉलसाठी 0.94, पाण्यासाठी 0.12, टॉल्यूइनसाठी 0.04 आणि हेक्सेनसाठी 0.02 आहे. निव्वळ टॉल्यूइन यंत्रात ठेवलं तर ते नुसतं बसून राहतं. त्यात थोडं आयनिक लिक्विड (द्रवरूप क्षार) किंवा सिलिकॉन कार्बाइडचा तुकडा टाकून काम भागतं. ऑइल बाथला असले लाड लागत नाहीत.

उघड्या फ्लास्कची खरी ताकद वेगळीच. दर अर्ध्या तासाने टीएलसी (काम किती पुढे गेलं ते दाखवणारी झटपट चाचणी) लावता येते, एखादं अभिकर्मक थेंबाथेंबाने सोडता येतं, डीन-स्टार्क नावाची काचेची जोडणी लावून पाणी काढता येतं, वायू सुटला तर त्याला वाट असते. बंद वायलमध्ये डायअ‍ॅझो संयुग टाकून नायट्रोजन सुटू देणं म्हणजे आपण होऊन संकट ओढवून घेणं. शिवाय एका हॉटप्लेटवर चार-पाच फ्लास्क रात्रभर फिरतात आणि तुम्ही घरी झोपलेले असता. मायक्रोवेव्हची वायल बहुधा 20 मिलीलिटरपर्यंतची, आणि एका वेळी एकच. माल वाढवायचा तर लहरी द्रवात फार तर काही सेंटिमीटर शिरतात, त्यामुळे मोठं भांडं मधोमध बाहेरच्याच उष्णतेवर अवलंबून राहतं. ग्रॅमच्या पुढे जायचं असेल तर मिश्रण तापलेल्या नळीतून सतत वाहतं ठेवणारा फ्लो रिअ‍ॅक्टर बघा.

आणि एक हिशेब लोक विसरतात. रिअ‍ॅक्शन 10 मिनिटांवर आली तरी वर्क-अप आणि कॉलमचा, म्हणजे माल वेगळा काढून शुद्ध करण्याचा, वेळ तसाच राहतो. एकच पदार्थ एकदाच बनवायचा असेल तर दिवस फारसा वाचत नाही. पण बेस, लिगँड (धातूच्या उत्प्रेरकाला जोडलेला रेणू), तापमान बदलत पंधरा परिस्थिती तपासायच्या असतील, तर जे काम पंधरवडा खातं ते दोन दिवसांत उरकतं. माझं मत विचाराल तर यंत्र घ्यायचं ते यासाठी.

पॅलेडियम धातूचं उत्प्रेरक वापरणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: काचेवर धातूचा काळा आरसा जमला की तो भाग एकटाच भयंकर तापतो आणि वायल तडकू शकते. इन्फ्रारेड सेन्सर वायलच्या बाहेरचं तापमान वाचतो, त्यामुळे उष्णता सोडणारी रिअ‍ॅक्शन आत भडकलेली त्याला उशिरा कळते. ढवळणं नीट नसेल तर आकडा आणखीच फसवा. घरगुती ओव्हनमध्ये तर सेन्सर नाही, ढवळणं नाही आणि ठिणगीला सॉल्व्हंटची वाफ तयार. त्याचा विचारच नको.

विक्रेता प्रात्यक्षिकाला येईल तेव्हा त्याच्या आवडीची रिअ‍ॅक्शन लावू देऊ नका. तुमची सगळ्यात खट्याळ, कमी ध्रुवीय सॉल्व्हंटमधली रिअ‍ॅक्शन द्या आणि शेवटी तापमानाचा आणि यंत्राच्या शक्तीचा (वॅटचा) आलेख मागून घ्या. वॅट पूर्ण चढलेले आणि तापमान मध्येच आडवं झालेलं दिसलं, तर तुमचा सॉल्व्हंट लहरी शोषतच नाहीये.