गूगल स्कॉलर की स्कोपस: आरोग्य संशोधकाने कोणता आकडा द्यावा?

सार्वजनिक आरोग्यात संशोधन करणाऱ्या एका तरुण सहकाऱ्याला पदोन्नतीच्या अर्जात कोणता एच-निर्देशांक लिहावा असा पेच पडला, कारण गूगल स्कॉलर आणि स्कोपस हे लेखांची उद्धरणे मोजणारे दोन ऑनलाइन स्रोत वेगवेगळे आकडे दाखवत होते. एच-निर्देशांक १२ म्हणजे प्रत्येकी किमान १२ वेळा उद्धृत झालेले १२ लेख; भौतिकशास्त्रज्ञ होर्खे हिर्श यांनी २००५ मध्ये मांडलेले हे सूत्र दोन्हीकडे एकच आहे, फरक आहे तो मोजणीत.

व्याप्ती हा इथे कळीचा मुद्दा आहे. आरोग्य संशोधनाचा उपयोग बऱ्याचदा शासकीय अहवालांत, मार्गदर्शक सूचनांत आणि प्रबंधांत दिसतो, आणि यांतील बरेच संदर्भ गूगल स्कॉलर टिपते. स्कोपस मुख्यतः निवडक नियतकालिके, पुस्तके व परिषदांचे लेख मोजते, त्यामुळे तिथला आकडा सहसा लहान असतो. माझ्या मते धोरणावरचा प्रभाव पाहताना ही मोठी उणीव आहे.

विश्वासार्हतेत मात्र स्कोपस सरस ठरते: तिथे स्व-उद्धरणे, म्हणजे लेखकाने स्वतःच्याच लेखांची दिलेली उद्धरणे, वगळून आकडा पाहता येतो. गूगल स्कॉलरवर नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे लेख आपल्या नावावर चढतात, एकच लेख दोनदा दिसतो, आणि ही साफसफाई संशोधकालाच करावी लागते. खर्चाचे म्हणाल तर गूगल स्कॉलर मोफत आहे, स्कोपसच्या पूर्ण वापरासाठी संस्थेची वर्गणी लागते.

निवड समिती किंवा अनुदानाच्या अर्जासाठी स्कोपसचा आकडा तारखेसह द्यावा. आपले काम प्रत्यक्ष कुठवर पोहोचले हे शोधायचे असेल, तर गूगल स्कॉलरवरील एकेक उद्धरण उघडून वाचावे.