वाचनालय लावलं त्याला अर्धं वर्ष: 'तुंबाडचे खोत' आणि दुसऱ्या खंडाची वाट

डोंबिवलीतलं एक खासगी वाचनालय लावून मला अर्धं वर्ष होत आलं. अनामत, महिन्याची वर्गणी, एका वेळी एक पुस्तक, उशीर झाला तर रोजचा दंड, हे सगळं वाचणाऱ्यांना माहीत असतंच, त्यात जात नाही. पुस्तकं भरपूर आहेत, नीट कव्हरं घातलेली आहेत, आणि काऊंटरवरच्या ताईंना संगणक न बघता कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात आहे ते सांगता येतं. तरी हे लिहायला बसले ते एका नियमामुळे. दोन खंडांची कादंबरी इथे दोन पुस्तकं धरतात.

श्री. ना. पेंडशांची 'तुंबाडचे खोत' ही १९८७ सालची कादंबरी. दोन जाडजूड खंड, खोत घराण्याच्या चार पिढ्या, जगबुडी नदी आणि तिच्या काठचं तुंबाड. २०१८ चा चित्रपट बघून ही मागायला येणारे बरेच आहेत असं ताई सांगतात. त्यांच्यासाठी एवढंच, की सिनेमानं इथून नाव तेवढं घेतलंय, गोष्ट वेगळीच आहे. खोत म्हणजे सरकारसाठी सारा गोळा करता करता गावाचाच धनी होऊन बसलेला माणूस. १९४९ च्या कायद्यानं खोती गेली, पण त्याआधी कोकणातल्या कित्येक गावांत खोताच्या शब्दापुढे कुणाचं काही चालत नसे. ही सत्ता माणसाच्या रक्तात कशी उतरते, आणि आज्यानं केलेल्या अन्यायाचा हिशोब नातवाकडे कसा मागितला जातो, हे पेंडसे पानापानांतून दाखवत जातात. वाचताना मला रात्री झोपायचं भान राहिलं नाही.

पहिला खंड संपला, तो मी दुसऱ्या दिवशी परत केला आणि दुसरा मागितला. तो बाहेर गेलेला. "नोंद करून ठेवते, आला की फोन करते," ताई म्हणाल्या. आठवडे गेले. विचारलं की एकच उत्तर: त्या सभासदाला रोजचा दंड लागतोय. दंड वाचनालयाला मिळतो, मला त्यातून काय? माझी वर्गणी चालूच होती. मी मालक काकांना म्हटलं, दोन्ही खंड एकत्र द्या, दुप्पट मुदत द्या, हवं तर अनामत वाढवून घ्या. ते म्हणाले, "मग दुसरं सभासदत्व घ्या." पंगतीत भात वाढायचा आणि वरणासाठी पुढच्या पंगतीला या म्हणायचं, असा हा प्रकार आहे. अशा कादंबरीत कोण कुणाचा चुलता, कुणी कुणाची जमीन खाल्ली, हे डोक्यात ताजं असावं लागतं. मध्ये महिना गेला की ते सगळं विरतं आणि पहिल्या खंडावर घातलेल्या रात्री वाया जातात.

खरं तर मी वाचनालय लावलं तेच जाड कादंबऱ्यांसाठी. विकत घ्यायच्या तर पैसे लागतात आणि आमच्या दोन खोल्यांत ठेवायला जागाही नाही. वर्गणी वसूल व्हायची तर मोठंच पुस्तक न्यायचं, असा माझा सरळ हिशोब होता. सुरुवातीच्या महिन्यांत त्याच हिशोबानं वाचलं. 'मृत्युंजय' कॉलेजात असताना रडत वाचली होती. आता पुन्हा घेतली तर कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण असे सहा जण सांगतात खरे, पण बोलतात सगळे एकाच अलंकारिक भाषेत, आणि मी पानं उलटायला लागले. त्या मानानं खांडेकरांची 'ययाति' जास्त टिकली. देवयानी स्वतःची बाजू मांडते तेव्हा तिचा हट्ट, तिचा अपमान, दोन्ही तिच्याच तोंडून कळतं आणि तिचा रागही येतो. 'पानिपत'नं मात्र पैसे पुरेपूर वसूल केले. भाऊसाहेबांबद्दल शाळेपासून ऐकलेले कितीतरी समज त्या पुस्तकानं मोडून काढले.

दुसरा खंड येईना म्हणून रिकाम्या हातानं कशाला परतायचं, या एकाच कारणानं मी बारीक पुस्तकं न्यायला लागले. आणि इथे माझं मत फिरलं.

विश्राम बेडेकरांची 'रणांगण' मी लोकलमध्ये उभ्यानं वाचली. जाड कादंबरी गर्दीत हातात धरता येत नाही, ही पर्समध्ये मावते. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू, आणि चक्रधर व हॅर्टा यांचं मोजक्या दिवसांचं प्रेम. पुस्तक आलं १९३९ साली, म्हणजे युद्ध पेटलं त्याच वर्षी. पुढे त्या लोकांचं काय झालं ते लिहिताना बेडेकरांना माहीत असणं शक्य नव्हतं. आपल्याला माहीत असतं. त्यामुळे बोटीवरचा प्रत्येक साधा संवाद, पुढच्या बंदराबद्दलची प्रत्येक आशा अंगावर येते. ठाणं कधी आलं ते कळलं नाही.

मग 'बनगरवाडी' (१९५५). औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर आलेला कोवळा मास्तर, त्यानं लोकांना हाताशी धरून उभी केलेली तालीम आणि शेवटी दुष्काळ. माडगूळकर एकही वाक्य जास्तीचं लिहीत नाहीत. ती ठेवते न ठेवते तोच उद्धव शेळक्यांची 'धग' (१९६०) घेतली. नवरा हातपाय गाळून बसलेला आणि कौतिक संसार ओढतेय. तिची वऱ्हाडी बोली सुरुवातीला अडते, थोड्या पानांनी तिच्याशिवाय कौतिक डोळ्यांसमोर येतच नाही. वर्गणी पानांवर मोजायची माझी सवय या तीन पुस्तकांनी मोडली.

वरचं सगळं लिहून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन आला. दुसरा खंड परत आलाय.

घ्यायला गेले तर ताई खोडरबर घेऊन बसलेल्या. आतल्या कोऱ्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं खोतांची अख्खी वंशावळ काढली होती: मूळपुरुषापासून शेवटच्या पिढीपर्यंत, लग्नांच्या रेघा, भांडणांच्या फुल्या. मी त्यांचा हात धरला. पुस्तकावर खुणा करू नयेत हा नियम मलाही पटतो, पण हे काम ज्यानं केलं त्यानं दोन्ही खंड मनापासून वाचलेत. कदाचित म्हणूनच त्याला इतका उशीर झाला असेल, आणि त्याच्यावरचा माझा सगळा राग तिथेच गेला. त्या पानामुळे मला मागचं विरलेलं सगळं एका नजरेत परत मिळालं. मी ते कागदावर उतरवून घेतलं आणि ताईंच्या परवानगीनं पहिल्या खंडात ठेवलं, कारण त्याची गरज खरी तिथे आहे.

दुसरा खंड पहिल्याइतका घट्ट नाही, मध्ये थोडा लांबतो. तरी मला आवडलेल्या मराठी कादंबऱ्यांत 'तुंबाडचे खोत' सर्वांत वर. पेंडसे दापोलीजवळच्या मुर्डीचे, नोकरी मुंबईत बेस्टमध्ये, आणि लिहीत राहिले त्या कोकणाच्या पट्ट्याबद्दल. 'गारंबीचा बापू'मध्ये एक माणूस गावाशी झुंजतो. 'रथचक्र'मध्ये जिला लेखकानं 'ती' एवढंच म्हटलंय अशी बाई मुलांसाठी एकत्र कुटुंबाशी झुंजते. तुंबाडात ही झुंज पिढ्यान्‌पिढ्या चालते आणि कुणीच पूर्ण जिंकत नाही.

वाचनालय लावायचं असेल तर जरूर लावा, पण दोन खंडांची कादंबरी असेल तर दुसरा खंड कपाटात आहे हे डोळ्यांनी बघूनच पहिला घ्या. वर्षाची वर्गणी एकदम भरली तर एक महिना फुकट आहे. मी महिन्याचीच भरतेय. ज्या दिवशी दोन्ही खंड एकत्र द्यायला लागतील त्या दिवशी वर्षाची भरेन, हे काकांना सांगून आलेय.