डब्ल्यूपीकेजी : जुने, फुकट, पण हिशेबाला पक्के

आमच्या कार्यालयात विंडोजचे ४२ संगणक आहेत आणि त्यांची देखभाल मी एकटा पाहतो. पूर्वी एखादे सॉफ्टवेअर सगळीकडे बसवायचे म्हणजे पेनड्राइव्ह खिशात घालून दोन मजले पालथे घालावे लागत. त्यावर उपाय म्हणून मी आधी एक लॉगिन स्क्रिप्ट, म्हणजे कोणी लॉगिन केले की आपोआप चालणाऱ्या आज्ञांची फाइल, लिहिली आणि तिचे अपुरेपण लक्षात आल्यावर सगळ्या संगणकांवर आपोआप सॉफ्टवेअर बसवणाऱ्या डब्ल्यूपीकेजी या मुक्त स्रोत साधनाकडे वळलो. वर्षभराच्या वापरानंतरचा हा अभिप्राय आहे.

लॉगिन स्क्रिप्टची मुख्य अडचण अधिकारांची असते. ती लॉगिन करणाऱ्या व्यक्तीच्याच अधिकारांत चालते आणि साध्या वापरकर्त्याला प्रोग्राम फाइल्समध्ये काही लिहिता येत नाही. काही जण स्क्रिप्टमध्येच अ‍ॅडमिनचा पासवर्ड लिहून ठेवतात. परंतु अशा स्क्रिप्ट ज्यात ठेवतात ते सर्व्हरवरचे नेटलॉगॉन हे फोल्डर डोमेनमधील, म्हणजे एकाच सर्व्हरच्या नियंत्रणाखालील नेटवर्कमधील, प्रत्येकाला वाचता येत असल्यामुळे हा प्रकार कुलूप लावून किल्ली दारालाच टांगण्यासारखा आहे. योग्य मार्ग स्टार्टअप स्क्रिप्टचा. ती कोणी लॉगिन करण्यापूर्वी, सिस्टीम या विंडोजच्या स्वतःच्या, पूर्ण अधिकार असलेल्या खात्याखाली चालते. मात्र त्यासाठी सॉफ्टवेअरच्या सामायिक फोल्डरवर डोमेनमधील संगणकांच्या खात्यांना वाचनाचा अधिकार द्यावा लागतो आणि नेटवर्क तयार होईपर्यंत थांबण्याची ग्रुप पॉलिसीही (सर्व संगणकांना सर्व्हरवरून एकत्र लागू होणारी सेटिंग) चालू करावी लागते. ही पॉलिसी विसरल्यास स्क्रिप्ट कधी चालते, कधी चालत नाही, आणि दोष भलतीकडेच शोधला जातो.

डब्ल्यूपीकेजी म्हणजे मुळात जेस्क्रिप्ट या मायक्रोसॉफ्टच्या स्क्रिप्ट भाषेत लिहिलेली एक फाइल आणि सोबत एक्सएमएल या साध्या मजकुराच्या स्वरूपातील तीन याद्या : पॅकेजेस (सॉफ्टवेअर), प्रोफाइल्स (सॉफ्टवेअरचे संच) आणि होस्ट्स (संगणक). कोणत्या संगणकाला कोणते प्रोफाइल आणि त्या प्रोफाइलमध्ये कोणती सॉफ्टवेअर, हे एकदा लिहून ठेवले की प्रत्येक संगणक सुरू होताना यादी आणि स्वतःजवळची नोंद ताडून पाहतो. जे नाही ते बसवतो, ज्याचा आवृत्ती क्रमांक वाढला आहे ते अद्ययावत करतो आणि जे यादीतून वगळले आहे ते, काढण्याची आज्ञा लिहिलेली असल्यास, काढूनही टाकतो. साध्या स्क्रिप्टमध्ये हा हिशेब स्वतः ठेवावा लागतो आणि तो फार काळ नीट राहत नाही. ग्रुप पॉलिसीतील सॉफ्टवेअर बसवण्याची सोय मुख्यतः एमएसआय या विंडोजच्या ठरावीक प्रकारच्या इन्स्टॉलर फाइलपुरती आहे, तर येथे मूक स्थापनेची, म्हणजे काही न विचारता बसण्याची, सोय असलेला कोणताही इन्स्टॉलर चालतो. त्यासाठी आज्ञेला जोडायचा स्विच (पर्यायाचे अक्षर) मात्र आपणच शोधावा लागतो, आणि एनएसआयएस या इन्स्टॉलर बनवण्याच्या साधनाने बांधलेल्या इन्स्टॉलरला कॅपिटल एसच लागतो, हे मला अर्धा दिवस घालवल्यावर कळले.

सॉफ्टवेअर बसले की नाही हे ठरवणारी तपासणीची अट काळजीपूर्वक लिहावी. एकदा मी ३२ बिटांच्या एका प्रोग्रामसाठी ६४ बिटांच्या प्रोग्राम फाइल्सचा पत्ता दिला. प्रोग्राम नीट बसत होता, पण फाइल तेथे सापडत नसल्याने रोज सकाळी तो पुन्हा बसवला जात होता आणि हिशेब विभागाची मंडळी चहाचे कप हातात घेऊन काळ्या खिडकीकडे पाहत बसत होती. चूक सर्वस्वी माझी होती, पण अशी चूक ठळकपणे दाखवणारा पडदा या साधनात नाही. लॉग, म्हणजे साधनाने काय केले याची नोंदफाइल, वाचण्याची सवय नसणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. शिवाय त्याचा विकास बऱ्याच काळापासून मंदावलेला आहे, हेही निवडीपूर्वी ध्यानात घ्यावे.

एका इमारतीतील, केबलने जोडलेल्या, पन्नाससाठ संगणकांच्या कार्यालयाला मी हे साधन निःसंकोच सुचवीन. फिरतीवरच्या सहा लॅपटॉपसाठी मात्र त्याचा उपयोग होत नाही. ते कार्यालयात आले की केबल लावून एकदा बंद करून चालू करावे लागतात, आणि त्यासाठी मला आजही दोन मजले चढावेच लागतात.