रेझिनचं पाणी : रंकाळ्याला पास, पंचगंगेला काठावर

पुण्यात जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम बघून आलो तेव्हापासनं डोक्यात किडा होता, रुकडीचा पंचगंगेवरचा रेल्वे पूल घरी करायचा, एचओ स्केलमध्ये म्हणजे १:८७, खऱ्याच्या ८७ पट लहान. पूल झाला, रूळ झाले, पाणी राहिलं. मग पाण्यासाठी कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतनं दोन बाटल्यांचं आर्ट रेझिन (मिसळून ओतलं की काचेसारखं कडक होणारं द्रव) आणलं, एकात रेझिन एकात ते कडक करणारा हार्डनर.

चांगलं आधी सांगतो. वास फार नाही, ओतलं की आपोआप समपातळीला येतंय. कोपऱ्यात रंकाळा तलावाचा एक तुकडा केलाय, त्यात दोन म्हशी पोटापर्यंत बुडवल्यात, लई भारी दिसतंय, नाद खुळा.

आता रडगाणं. बाटलीवर रेझिन-हार्डनर २:१ छापलंय पण मापानं का वजनानं ते कुठंच नाही, आणि हार्डनर हलका असतोय त्यामुळं वजनकाट्यावर २:१ केलं की गडबड, माझा पहिला घाणा तीन दिवस चिकटच राहिला, सगळा खरवडून काढला. दुसऱ्या वेळी मापाच्या कपानं घेतलं तेव्हा जमलं. "२४ तासात कडक" हे पण जुलैतल्या कोल्हापूरला लागू नाही, दमट हवेनं वर पांढुरकी साय धरली, ती मात्र कोमट साबणाच्या पाण्यानं पुसून गेली. एकदम जाड ओतू नका, तापतंय, ३ मिमीचे थर द्या. आणि नदीच्या पीओपीच्या (प्लास्टरच्या) तळाला आधी रंगाचे दोन हात मारा, माझं एका बारक्या भोकातनं टेबलाखाली टपकत होतं, कळलं सकाळी चप्पल फरशीला चिकटली तेव्हा.

काचेसारखं पारदर्शक म्हणून कौतुक करतात, पण पावसाळ्यातली पंचगंगा काचेसारखी असती होय? तळाला मधोमध गडद तपकिरी, काठाला मातकट पिवळा रंग दिला, रेझिनमध्येबी ॲक्रिलिकचे दोन-तीनच थेंब (जास्त टाकलं तर वाळत नाही). आई बघून म्हणली, चहा सांडलास व्हय रे? तवा समजलो, रंग बरोबर आलाय.

पण नदी वाहताना दिसत नाही, हाच मोठा दोष, ताटासारखं सपाट. शेवटी वरनं ग्लॉस जेल (चकचकीत, घट्ट लेप) ब्रशनं थोपटून पुलाच्या खांबांपाशी लाटा काढल्या, त्याचा खर्च वेगळाच.

५ पैकी साडेतीन. दुसरा सेट घेणार, पण दिवाळीनंतर.