मळीतली साखर: चुन्याने काढावी की रेझिनने?

मळीत, म्हणजे साखर काढून झाल्यावर कारखान्यात उरणाऱ्या काळ्या घट्ट द्रवात, राहिलेली साखर पॅनमध्ये कितीही शिजवली तरी दाणा धरत नाही. क्षार आणि इतर अशुद्ध घटक तिला विरघळलेलीच ठेवतात. बीटच्या मळीत वजनाने निम्म्याच्या आसपास सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखर, असते, म्हणून ते काढण्याचा खटाटोप मुख्यतः बीटच्या कारखान्यांनी केला.

जुनी वाट स्टेफेन पद्धतीची, १८८० च्या दशकातली. मळी पाण्याने पातळ करून गार ठेवायची आणि तीत कळीच्या चुन्याची बारीक पूड सोडायची. साखर चुन्याशी बांधली जाते आणि कॅल्शियम सॅकरेटचा साका तयार होतो. हा साका गाळून रसशुद्धीत चुन्याच्या जागी वापरला की कार्बन डायऑक्साइड चुना पकडतो, साखर मोकळी होते. कल्पना खरोखर सुरेख आहे. मात्र हिशेबाने साखरेच्या निम्म्या वजनाचा चुना पुरायला हवा, तिथे प्रत्यक्षात बराच जास्त जातो. गाळून उरलेल्या पातळ, अल्कधर्मी पाण्याची विल्हेवाट वेगळीच. शिवाय बीटमधले रॅफिनोज (एक वेगळी साखर) हेही साक्यात उतरते, प्रक्रियेत फिरून फिरून साठते आणि साखरेचा दाणा लांबट करते.

दुसरी वाट क्रोमॅटोग्राफीची: मळीतले घटक रेझिनच्या बारीक मण्यांमधून कमी-जास्त वेगाने पुढे सरकतात आणि वेगळे होतात. त्यासाठी स्तंभांमध्ये सोडियम-पोटॅशियम रूपातले रेझिन भरतात, त्यावर मळी आणि सुमारे ८० अंश सेल्सियसचे पाणी सोडतात. रेझिन क्षारांना आत शिरू देत नाही, म्हणून ते आधी बाहेर पडतात. साखर रेझिनच्या आत रेंगाळते आणि मागून येते. बीटाइन हा बीटमधला नत्रयुक्त घटक त्याहूनही मागे राहतो, तो वेगळा विकता येतो. नीट चालवल्यास मळीतली ८५ ते ९० टक्के साखर हाती लागते. पण घातलेले पाणी पुन्हा आटवावे लागते, तिथे वाफ खर्च होते. आणि मळीतला कॅल्शियम आधी काढला नाही तर तो रेझिनवर चढून बसतो, साखर व क्षार नीट वेगळे होत नाहीत. पुरवठादाराला पहिला प्रश्न या मृदूकरणाचाच विचारा.

बीटसाठी नवा प्रकल्प उभारणार असाल तर माझे मत निःसंकोच क्रोमॅटोग्राफीला.

उसाच्या मळीचे गणित वेगळे. तिच्यात ग्लुकोज-फ्रुक्टोज भरपूर. चुना या साखरांची नासाडी करतो आणि रंग वाढवतो, त्यामुळे स्टेफेन बादच. रेझिनवर या साखरा सुक्रोजच्या पाठोपाठ येतात. गाळ आणि कॅल्शियमही बीटपेक्षा जास्त त्रास देतात. म्हणून आधी आपल्याच मळीवर छोट्या संचात चाचणी घ्या, आणि तीच मळी आसवनीला दिली तर काय मिळेल तो आकडा शेजारी मांडा. चाचणीत साखर काढल्यावर उरलेला द्रवही तपासून घ्या; तो पशुखाद्याला किंवा किण्वनाला खपणार नसेल, तर त्याच्या विल्हेवाटीचा खर्च साखरेवरच पडेल.