लेखाखाली नाव कोणाचे? शोधनिकालांच्या दृष्टीने दोन पद्धतींची तुलना

परभणी, लातूर किंवा जालन्यातून शेती, आरोग्य वा स्पर्धा परीक्षांविषयी मराठी संकेतस्थळ चालवणाऱ्यांना एक निर्णय घ्यावाच लागतो. लेखाखाली ‘आमच्या प्रतिनिधीकडून’ एवढेच छापायचे, की लिहिणाऱ्याचे नाव देऊन त्याचे शिक्षण आणि अनुभव सांगणारे स्वतंत्र पान तयार करायचे? दुसऱ्या पद्धतीला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात. ती विकणारे सल्लागार मात्र ‘नाव दिले की गूगलमध्ये वर याल’ असे सर्रास सांगतात, म्हणून आधी हे विधानच तपासून घेतलेले बरे.

जून २०११ मध्ये गूगलने लेखक आणि त्याचे लेखन यांना जोडणारी ‘रेल-ऑथर’ ही खूण स्वीकारत असल्याचे जाहीर केले. गूगल प्लस या गूगलच्या समाजमाध्यमावरील खात्याशी लेख जोडला, की शोधनिकालात शीर्षकाशेजारी लेखकाचे छायाचित्र दिसू शकत असे. त्यामुळे वाचकाची नजर आपल्या दुव्यावर ठरेल, या आशेने अनेकांनी त्यासाठी खटाटोप केला. जून २०१४ मध्ये ही छायाचित्रे काढून टाकण्यात आली आणि ऑगस्टमध्ये सगळी व्यवस्थाच गुंडाळली गेली. ही माहिती वाचकांना अपेक्षेइतकी उपयोगी ठरली नाही आणि ती काढल्याने संकेतस्थळांकडे येणारी वर्दळ सर्वसाधारणपणे घटत नाही, असे गूगलच्या जॉन म्युलर यांनी तेव्हा स्पष्ट केले. सर्वसामान्यांसाठीचे गूगल प्लसही एप्रिल २०१९ मध्ये बंद झाले. त्या काळातले सल्ले अजून इंटरनेटवर पडून आहेत. त्यांवर आज खर्च करू नये.

सध्याची चर्चा अनुभव, तज्ज्ञता, अधिकार आणि विश्वासार्हता या चार निकषांभोवती फिरते. शोधनिकालांची गुणवत्ता तपासणाऱ्या परीक्षकांसाठी गूगलने जी मार्गदर्शिका केली आहे, तिच्यात हे निकष येतात आणि त्यांतील ‘अनुभव’ डिसेंबर २०२२ मध्ये जोडला गेला. परीक्षकांनी दिलेल्या गुणांमुळे एखादे पान थेट वर किंवा खाली जात नाही, आणि केवळ नाव छापल्याने क्रमवारी सुधारत नाही, हे गूगलच्या प्रतिनिधींनीही सांगितले आहे. म्हणजे नावाचा लाभ आडवळणाने मिळतो: वाचक विश्वासाने थांबतो, पुन्हा येतो, दुसरे लोक त्या लेखाचा दुवा देतात. हा लाभ कोणत्या मजकुराला मिळेल, यावर आता दोन पद्धतींची तुलना करता येते.

लातूरच्या बाजार समितीतील तुरीचा किंवा सोयाबीनचा दर पाहणाऱ्याला तारीख, आवक आणि माहितीचा स्रोत हवा असतो. तो मजकूर कोणी टंकला याच्याशी त्याला कर्तव्य नसते. बाजारभाव, हवामानाचा अंदाज, परीक्षांची वेळापत्रके आणि शासकीय परिपत्रके यांना संस्थेचे नाव पुरते. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीसाठी कोणते औषध, किती प्रमाणात आणि कधी फवारावे, असा लेख मात्र वेगळा. तो वाचून शेतकरी खिशातले पैसे खर्च करणार असतो, त्यामुळे लिहिणारा कृषी पदवीधर आहे का, त्याने स्वतःच्या शेतात कामगंध सापळे (गंधाने नर पतंग पकडणारे सापळे) लावून पाहिले आहेत का, हे जाणण्याचा त्याला हक्क आहे. आरोग्य, कर्ज, पीकविमा आणि जमिनीचे वाद यांनाही हाच नियम लागू होतो, आणि अशा विषयांत गूगलही विश्वासार्हतेला अधिक महत्त्व देते. इथे ‘प्रतिनिधीकडून’ ही ओळ माझ्या मते निव्वळ आळस आहे.

नाव द्यायचेच तर अर्धवट देऊ नये. मराठवाड्यात एकाच नावाचे आणि आडनावाचे दोन-चार जण एकाच तालुक्यात सापडतात, त्यामुळे नुसत्या नावावरून शोधयंत्राला काय किंवा वाचकाला काय, नेमकी व्यक्ती कळत नाही. ही अडचण ओळखूनच गूगलने २०२१ मध्ये लेखाच्या संरचित माहितीत (पानाच्या संकेतावलीत शोधयंत्रासाठी रकान्यांत भरलेल्या माहितीत) लेखकाच्या ओळखपानाचा पत्ता देण्याची शिफारस केली, तर नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा ओळखपानांसाठी स्वतंत्र रचनेलाही पाठिंबा दिला. आपल्याकडे नेहमी होणारी गफलत म्हणजे नावाच्या रकान्यात ‘डॉ.’, ‘प्रा.’ किंवा ‘जिल्हा प्रतिनिधी’ असे सगळे कोंबणे. त्या रकान्यात फक्त नाव असावे, पदव्या आणि हुद्दा वेगळ्या रकान्यांत जावेत, आणि दोन लेखक असतील तर दोघांच्या नोंदी स्वतंत्र असाव्यात. देवनागरी आणि रोमन लिपीतील नावाचे लेखन सर्व ठिकाणी एकसारखे ठेवणे हे बिनखर्चाचे, पण बहुतेकांकडून राहून जाणारे काम आहे.

सगळ्यात वाईट मार्ग म्हणजे कल्पित तज्ज्ञ उभा करणे. गूगलची मार्गदर्शिका लेखकाविषयीच्या फसव्या माहितीला निकृष्टतम दर्जा देण्यास सांगते. नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ या अमेरिकी क्रीडा नियतकालिकाच्या संकेतस्थळावर अस्तित्वातच नसलेल्या लेखकांची नावे आणि संगणकाने तयार केलेली छायाचित्रे असल्याचे उघड झाले, तेव्हा इतक्या जुन्या नियतकालिकालाही ते लेख काढून टाकावे लागले.

उलट बाजूला एक रास्त अपवाद आहे. गोदावरीतील अवैध वाळूउपशाची बातमी देणारा तालुक्याचा वार्ताहर त्याच गावात राहतो. शोधनिकालातील कोणत्याही लाभापेक्षा त्याची सुरक्षितता मोठी. अशा बातम्या संस्थेच्या नावानेच द्याव्यात आणि जबाबदार संपादकाचे नाव व संपर्क ठळकपणे द्यावा. लेखक संस्था सोडून गेल्यास काय करायचे, हेही आधीच लेखी ठरवून घ्यावे: त्याचे ओळखपान पुसू नये, तो आता संस्थेत नसल्याची नोंद करावी आणि जुन्या लेखांवरील नाव बदलून नव्या माणसाचे टाकू नये.